आयोगाने फाईल बंद केली म्हणजे न्याय संपला नाही

मी केलेली एक चूक आधी सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावातून एक बाई माझ्याकडे आली होती. बौद्ध वस्तीतली, कापूस वेचायला जाणारी. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं, दोन रात्री ठेवलं आणि सोडून दिलं. अटकेची नोंद नाही, गुन्हा नाही. मुलाच्या एका कानाचा पडदा फाटला होता. सरकारी दवाखान्याचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता. ठाण्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या मुलाला अजून त्याच रस्त्याने जावं-यावं लागतं.

ती आली तेव्हा घटनेला दहा महिने झाले होते. तोपर्यंत ती का आली नाही, हे आपल्यापैकी कुणालाही सांगायची गरज नाही. मी म्हणालो, "मावशी, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करू." कागद ठेवून घेतले. मग जयंतीची तयारी आली, जयंतीनंतर एक मोर्चा आला, मोर्चानंतर माझ्यावरचीच एक केस आली. तक्रार पोस्टात पडली तेव्हा घटनेला चौदा महिने झाले होते.

उत्तर आलं ते थोडक्यात होतं. घटनेला एक वर्षाहून जास्त काळ लोटल्याने तक्रार विचारात घेता येत नाही. मी कायदा काढून पाहिला. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३, कलम ३६ (२). ज्या दिवशी हक्काचं उल्लंघन घडलं त्या दिवसापासून एक वर्ष संपल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. उत्तर कायद्याला धरून होतं. दोष माझा होता.

पण माझी खरी चूक याच्या पुढे आहे. ते पत्र हातात घेऊन मी तिच्या घरी गेलो आणि सांगितलं, "मावशी, मुदत गेली. आता काही होत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं होतं. आयोगाचं दार बंद झालं होतं, कायद्याचं नाही. मी एका दाराला सगळं घर समजलो आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या बाईने कागदाची पिशवी पुन्हा पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सोमनाथ सूर्यवंशी.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि मग पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. त्या धरपकडीत सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी सापडला. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी, वय ३५. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं आणि मृत्यूचं प्राथमिक कारण नोंदवलं गेलं ते अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. विधानसभेत मात्र मुख्यमंत्र्यांनी श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला आणि मारहाण झाली नाही असं सांगितलं. लोकनेते विजय वाकोडे यांना आपण याच दिवसांत गमावलं.

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार बंधनकारक आहे. ती झाली. ४५१ पानांचा अहवाल महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला आणि मार्च २०२५ मध्ये आयोगाने संबंधितांना नोटिसा काढल्या. अहवालात पोलिसांवर ठपका असल्याची बातमी आली तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना वाटलं की आता झालं. मलाही वाटलं.

विजयाबाई सूर्यवंशींना तसं वाटलं नाही. सरकारची दहा लाखांची मदत नाकारणाऱ्या त्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल केली. ॲड. प्रकाश आंबेडकर स्वतः उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, कोठडीतल्या मृत्यूची चौकशी करा असं कायदा सांगतो, पण अहवाल आल्यावर पुढे काय करायचं यावर कायदा गप्प आहे. ४ जुलै २०२५ रोजी न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या खंडपीठाने आईच्या तक्रारीवरून एका आठवड्यात गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथे सरकारची याचिका फेटाळली गेली.

आता हा क्रम नीट पाहा. अहवाल होता. आयोग होता. आयोगाच्या नोटिसा होत्या. तरी गुन्हा नोंदला गेला नव्हता. तो नोंदवण्याचा आदेश एक आई न्यायालयात गेली म्हणून निघाला. आणि न्यायालयात तिच्या हातात वजनदार काय होतं? त्याच चौकशीचे कागद. म्हणजे चौकशी आणि आयोग निरुपयोगी ठरले असं नाही, आणि तेवढ्याने भागलं असंही नाही. आपली गल्लत नेमकी इथे होते. कुणी म्हणतो आयोगाकडे गेलो म्हणजे न्याय मागून झाला. कुणी म्हणतो आयोग म्हणजे दात नसलेला वाघ, तिकडे फिरकूच नका. दोन्ही बाजू चूक आहेत असं माझं मत आहे आणि ते मी कायद्याच्या आधाराने मांडतो.

दात नसलेला वाघ हे वर्णन फक्त आपलं नाही. मणिपूरमधल्या १५२८ कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेच सर्वोच्च न्यायालयात स्वतःबद्दल तशी कैफियत मांडली होती आणि ८ जुलै २०१६ च्या निकालात न्यायालयाने तिची नोंद घेतली. मूळ कायद्याकडे पाहिलं तर कारण समजतं. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. साक्षीदार बोलावता येतो, शपथेवर जबाब घेता येतो, कागदपत्रं मागवता येतात. पण चौकशीनंतर कलम १८ लागतं आणि त्यात शब्द येतो "शिफारस". भरपाई द्या ही शिफारस. खटला भरा हीही शिफारस. सरकारने एका महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, आपलं म्हणणं आणि केलेली कारवाई कळवायची. आयोग स्वतः कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही, कुणाला निलंबित करू शकत नाही.

मग या शिफारशीची किंमत काय? सरकारी वकील म्हणतात, सल्ला आहे, घ्या किंवा सोडा. हे म्हणणं न्यायालयांनी जसंच्या तसं मानलेलं नाही. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं की आयोगाची शिफारस म्हणजे बाजूला ठेवून देता येईल असं नुसतं मत नव्हे. मान्य नसेल तर कायदेशीर मार्गाने आव्हान द्या, पण कानाआड करू नका. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचं पूर्णपीठ याच्याही पुढे गेलं. कलम १८ खालची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे, ज्याला ती मान्य नाही त्याने न्यायालयात जावं, असा तो निकाल. मद्रासचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाला बांधत नाही, पण आपल्या वकिलाला तो मांडता येतो आणि त्याने तो मांडलाच पाहिजे.

इथे "न्यायालयात जावं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आयोगाच्या निर्णयावर अपील करण्याची तरतूद मानवी हक्क कायद्यात नाही. म्हणून जो नाराज असेल तो संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. हा रस्ता दोन्ही बाजूंना खुला आहे, आणि मी स्वतः पाहिलेली प्रकरणं आठवली तर त्या रस्त्याने ते आपल्यापेक्षा जास्त जातात. आपल्या बाजूने शिफारस आली की आपण पेढे वाटतो, बातमी छापून आणतो, फोटो काढतो. ज्या अधिकाऱ्यावर ठपका आला तो दुसऱ्या आठवड्यात वकील गाठतो.

न्यायालय तेव्हा काय तपासतं, हे कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. रिटमध्ये न्यायालय अपील ऐकत नाही. मारलं की नाही मारलं, हा साक्षीदार खरा की तो, यात ते सहसा शिरत नाही. ते विचारतं : आयोगाला अधिकार होता का? समोरच्याला ऐकून घेतलं का? कारणं दिली का? महत्त्वाचा पुरावा डोळ्याआड केला का? कोणताही समंजस माणूस काढणार नाही असा निष्कर्ष काढला का? थोडक्यात, निर्णयापेक्षा निर्णयाला पोचण्याची वाट तपासली जाते. म्हणून खऱ्या अन्यायाची शिफारससुद्धा वाट चुकल्यामुळे रद्द होऊ शकते.

उदाहरण घ्या. सीबीआयच्या अधिकाऱ्यांनी एकाला बेकायदा डांबून ठेवल्याच्या तक्रारीत राष्ट्रीय आयोगाने त्यांच्यावर खटल्याची शिफारस केली होती. अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. एन. सी. धौंडियाल प्रकरण, डिसेंबर २००३. न्यायालय म्हणालं, घटनेला एक वर्ष उलटलं होतं, कलम ३६ (२) आड येतं, सुटका झाल्यावर ते उल्लंघन चालू राहिलेलं नाही. संपलं. डांबलं की नाही डांबलं हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मावशीच्या तक्रारीसमोर जी भिंत आली तीच ही भिंत.

दुसरी भिंत कलम १६. चौकशीत ज्याच्या वर्तनाबद्दल निष्कर्ष निघणार किंवा ज्याच्या नावाला धक्का लागणार त्याला म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. एका शिपायाला नोटीस गेली नाही आणि ठपका मात्र त्याच्यावर आला, तर त्याच्या वकिलाचं काम फारच सोपं होतं. म्हणून तक्रारीत ज्यांची नावं माहीत आहेत ती सगळी घाला, नावं माहीत नसतील तर हुद्दा, तारीख, वेळ, ठिकाण घाला, आणि आयोगाने त्या प्रत्येकाला नोटीस काढावी असा अर्ज आपणच द्या. ज्याने मारलं त्याला बोलायची संधी द्या असा अर्ज आपण का करायचा, असं पोरं विचारतात. कारण उद्या तो न्यायालयात "मला ऐकलंच नाही" म्हणाला की आपली दोन वर्षं पाण्यात.

तिसरी भिंत आपण स्वतः बांधतो. आपल्या निवेदनांचा नमुना आठवा. वर मा. जिल्हाधिकारी, आणि खाली प्रत माहितीस्तव म्हणून मा. राष्ट्रपती, मा. राज्यपाल, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, राज्य मानवी हक्क आयोग, अनुसूचित जाती आयोग, सगळे. मोर्चाच्या निवेदनाला ते ठीक आहे. पण कलम ३६ (१) म्हणतं की जो विषय राज्य आयोगापुढे किंवा कायद्याने नेमलेल्या दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित आहे त्याची चौकशी राष्ट्रीय आयोग करणार नाही. न्यायप्रविष्ट, निनावी, मोघम तक्रारीही दाखल न होण्याच्या यादीत असतात. दहा ठिकाणी पाठवलेली तक्रार कधी कधी दहाही ठिकाणी दुसऱ्याकडे बोट दाखवून बंद होते. आधी ठरवा, कुठे लढायचं.

आता दुसरी बाजू. आयोगाने आपली तक्रार बंद केली तर काय? हाच तो प्रश्न, ज्याचं उत्तर मी त्या घरी चुकीचं दिलं.

तक्रार कारण न देता बंद केली, पोलिसांचाच अहवाल घेऊन तो आपल्याला न दाखवता त्यावर निर्णय दिला, वैद्यकीय कागद फाईलमध्ये असून त्याचा उल्लेखही केला नाही, तर ही सगळी रिट याचिकेची कारणं आहेत. उच्च न्यायालय तो आदेश रद्द करून प्रकरण आयोगाकडे पुन्हा ऐकायला पाठवू शकतं. आणि तक्रार मुदतीमुळे बंद झाली असेल तर? आयोगाची एक वर्षाची मुदत आयोगापुरती आहे. अनुच्छेद २२६ ला अशी ठरावीक मुदत नाही. उशीर झाला असेल तर का झाला ते सांगावं लागतं, आणि अकारण झोपून राहिलेल्याला न्यायालय परत पाठवू शकतं. पण भीतीने गप्प बसलेल्या आईला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फौजदारी बाजूही वेगळी आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला संहितेत मुदतीचं बंधन नाही.

पंजाबचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. पोलिसांनी बेवारस म्हणून परस्पर जाळलेल्या प्रेतांचा शोध जसवंतसिंग खालरा यांनी स्मशानांच्या नोंदींवरून लावला. अंत्यसंस्कारांचा आकडा २०९७ होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवलं. तेव्हा केंद्र सरकारने हीच एक वर्षाची मुदत पुढे केली. १९९८ मध्ये परमजित कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयोग इथे न्यायालयाच्या आदेशाने काम करतो आहे, त्याला कलम ३६ ची बेडी नाही. म्हणजे जे दार आयोगाला स्वतः उघडता येत नव्हतं ते न्यायालयाने उघडून दिलं. तेच कलम, आणि धौंडियाल प्रकरणात त्याचा परिणाम अगदी उलटा. फरक एवढाच की कोण कुठल्या दारातून आत गेलं.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवलं आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, आज ज्याला आपण अनुच्छेद ३२ म्हणतो त्यावर बोलताना, ते म्हणाले होते की ज्या एका अनुच्छेदाशिवाय संविधान निरर्थक ठरेल तो हाच, संविधानाचा आत्मा आणि हृदय. समतेचा नाही, स्वातंत्र्याचा नाही, दाद मागण्याचा अनुच्छेद त्यांनी निवडला. आयोग संसदेने कायदा करून दिला, १९९३ साली. उद्या संसद त्याचे अधिकार कमी-जास्त करू शकते. सरकार अध्यक्ष नेमायला उशीर करू शकतं. राज्यांतल्या आयोगांच्या रिकाम्या जागा भरा असं सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सांगावं लागलंच होतं. अनुच्छेद ३२ आणि २२६ ला असा हात लावता येत नाही. संविधानाच्या प्रतिकृतीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपण हे दोन अनुच्छेद वापरायला कचरायचं नाही.

यावर आपलेच कार्यकर्ते विचारतात आणि रास्त विचारतात : न्यायालयावर एवढा भरवसा कशाला? रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा माणसं गोळीबारात मेली, गुंडेवार आयोग बसला, शिक्षा व्हायला २००९ उजाडलं, आणि त्यानंतरही फौजदार जामिनावर बाहेर आला. परभणीकरांना तर दुसरंही नाव आठवत असेल. ख्वाजा युनूस. याच शहरातला तरुण अभियंता. २००२ च्या डिसेंबरात घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला उचललं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना जीप उलटली आणि तो पळाला. तो पळाला नव्हता. घरचे उच्च न्यायालयात गेले, तपास सीआयडीकडे गेला, कोठडीत मृत्यू झाल्याचं पुढे आलं, चार पोलिसांवर खटला उभा राहिला. आणि वीस वर्षं उलटली तेव्हाही तो खटला चालूच होता.

हा आक्षेप मी खोडून काढत नाही. न्यायालय म्हणजे न्याय, असं मी म्हणत नाही. पण परभणीच्या त्या दोन आयांकडे पाहा. एक मुस्लिम, एक वडार, मध्ये बावीस वर्षं. आसिया बेगम न्यायालयात गेल्या नसत्या तर ख्वाजा युनूस सरकारी दप्तरी आजही फरार आरोपी असता. विजयाबाई गेल्या नसत्या तर सोमनाथ श्वासाच्या आजाराने मेलेला कैदी राहिला असता. न्याय मिळाला असं नाही. पण सरकारने लिहिलेली गोष्ट जशीच्या तशी टिकली नाही. ज्यांच्या बापजाद्यांचा इतिहास नेहमी दुसऱ्यांनीच लिहिला त्यांना याची किंमत कळायला हवी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आयोग मुंबईत, खंडपीठ संभाजीनगरात, आणि मावशीची मजुरी दिवसाची. खरं आहे. पण आयोगाकडे तक्रार करायला फी नाही, ती पोस्टाने जाते, वकिलाची सक्ती नाही. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमाती, सर्व स्त्रिया आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, उच्च न्यायालयातसुद्धा. आपल्या किती शाखांच्या फलकावर हे लिहिलेलं आहे?

"आधी आयोगाकडे जा, मग इकडे या" असं सरकारी वकील न्यायालयात म्हणेल. त्यालाही उत्तर आहे. पर्यायी उपाय असला तरी मूलभूत हक्काचा भंग झाला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल किंवा अधिकार नसताना आदेश दिला असेल, तर उच्च न्यायालयाचं दार उघडं राहतं. १९९८ च्या व्हर्लपूल कंपनीच्या निकालातलं हे सूत्र वकिलांना तोंडपाठ असतं. कंपनीला व्यापारचिन्हासाठी जे मिळतं ते आईला मुलासाठी मागता येतं.

म्हणून पोरांनो, माझं म्हणणं एवढंच. आयोगाकडे जा, पण पहिल्या दिवसापासून असं समजून जा की ही फाईल उद्या न्यायमूर्तींच्या टेबलावर जाणार आहे. घटनेची तारीख वहीत लिहा आणि त्यापुढे एक वर्षाची तारीख लाल पेनाने लिहा. चोवीस तासांत दवाखान्याचा कागद मिळवा. अर्ज दिला की पोच घ्या. पोलिसांचा अहवाल आयोगात आला की त्याची प्रत मागा आणि त्यावर लेखी उत्तर द्या, कारण जे फाईलमध्ये नाही ते रिटमध्ये आपल्याला अचानक काढता येत नाही. चौकशी झाली तर अहवालाची प्रत मिळणं हा कलम १८ खाली तक्रारदाराचा हक्क आहे, तो मागा. शिफारस आपल्या बाजूने आली तर पेढे नंतर वाटा. आधी महिना मोजा, आणि सरकार हललं नाही तर तिच्या अंमलबजावणीसाठी आपणच न्यायालयात जा. विरोधात आली तर कुणाच्याही आईला "आता काही होत नाही" असं सांगू नका. तो निर्णय वकिलाला दाखवल्याशिवाय तर मुळीच नको.

मागच्या ऑगस्टमध्ये मी त्या गावाला पुन्हा गेलो. मुलगा पुण्याकडे कामाला लागला आहे. एका कानाने त्याला कमीच ऐकू येतं. मावशीला मी सरळ सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोललो होतो. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तुम्हीच म्हणले होते की मुदत गेली."

"आयोगाची गेली होती, मावशी. सगळीच नाही."

ती उठली, आत गेली, आणि पत्र्याच्या पेटीतून ती पिशवी घेऊन आली. दवाखान्याच्या कागदाची घडी फाटायला आली आहे, पण शिक्का वाचता येतो. एवढ्या उशिराने न्यायालय काय म्हणेल ते मी तिला आधीच सांगितलं आहे, यावेळी काही लपवलेलं नाही. उशीर का झाला त्याचं प्रतिज्ञापत्र तयार होत आहे. त्यात तिच्या भीतीबरोबर माझ्या चुकीचाही परिच्छेद असेल. तो मी माझ्या नावाने लिहून दिला आहे.

जय भीम. जय संविधान.